कान: आकार, प्रकार आणि विक्री

वस्ताद पुस्तक लिहितील असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि तेही कानांवर लिहितील, असं तर त्यांच्या वैऱ्यानंही चिंतलं नसतं. पण माणूस वर्षानुवर्षं लोकांच्या डोक्याभोवती प्रदक्षिणा घालत राहिला की त्याला काही ना काही दिसायला लागतंच. कुणाला टक्कल दिसतं, कुणाला कोंडा दिसतो. वस्तादांना कान दिसले.

सलून दोन खुर्च्यांचं. दाराजवळची खुर्ची वस्तादांची, आतली त्यांच्या मेहुण्याची. वर घर. वस्तादांची बायको रोज दुपारी धुतलेल्या टॉवेलांची चळत घेऊन जिना उतरायची, ती ठेवायची आणि त्या दिवशीच्या गिऱ्हाइकांची संख्या भावाला विचारायची. नवऱ्याला विचारण्यात अर्थ नव्हता. नवरा रिकाम्या खुर्चीत बसून कोऱ्या कागदावर कान काढत असायचा. गिऱ्हाईक आलं की पेन्सिल स्वतःच्या कानावर आणि कात्री हातात.

असं करता करता शंभर कान झाले. मग वस्तादांनी प्रत्येकाच्या कानाखाली दोन-दोन ओळी दिल्या. म्हणजे लिहून दिल्या. 'कान क्रमांक सतरा: वरून रुंद, खाली निमुळता. असा माणूस सगळ्यांचा सल्ला घेतो आणि आपलंच खरं करतो.' 'कान क्रमांक चाळीस: डोक्यापासून फटकून उभा. धन्याच्या आधी खोलीत शिरतो.' नावं कुणाचीच घातली नाहीत, नुसते आकडे. यात सभ्यता आहे असं वस्तादांना वाटलं. बिचारे फार सभ्य होते, तिथंच घोडं पेंड खातं.

प्रकाशकांनी दारातूनच हात जोडले. छापखानेवाला म्हणाला, पाचशेच्या खाली मी मशीन सुरू करत नाही. मेहुण्यासाठी नवी खुर्ची घ्यायची म्हणून ठेवलेले पैसे छापखान्यात गेले आणि एका सकाळी 'कान: आकार, प्रकार आणि स्वभाव' या ग्रंथाचे खोके टेम्पोतून उतरले. वर घरात जागा नव्हती. ते सगळे आतल्या खुर्चीभोवती रचले. त्या दिवसापासून मेहुणा आडवा होऊन खुर्चीपर्यंत जायचा आणि त्याच्या गिऱ्हाइकाला गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागायचं.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "तुमचे कान आणि माझं पोट एका जागेत मावत नाही."

"आठवडाभराचा प्रश्न आहे," वस्ताद म्हणाले.

पहिल्यांदा ते पुस्तकवाल्याकडे गेले. पुस्तकवाल्यानं पुस्तक मागून पुढून पाहिलं, वास घेतला आणि विचारलं, "हे ठेवू कुठल्या फळीवर? वैद्यकीय म्हणू?"

"औषध नाही यात."

"मग चित्रकला?"

"चित्रं आहेत, पण शिकवलेलं काही नाही."

"भविष्य?"

वस्ताद जरा घुटमळले. भविष्याची फळी दाराजवळ होती आणि तिथं गर्दीही होती. पण खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. शेवटी पुस्तकवाल्यानं दोन प्रती पाककृतींच्या शेजारी लावल्या, कारण तिथं जागा होती. वस्ताद आठवड्यानं चौकशीला गेले तर फळीवर एकच प्रत. त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

"कुणी नेली?" त्यांनी विचारलं.

"उंदरानं," पुस्तकवाला म्हणाला. "ही दुसरी पण घेऊन जा. त्याला चटक लागलीय, आता शेजारचीही खाईल."

मग कानाचे डॉक्टर. त्यांनी पानं उलटली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आम्ही आतलं बघतो," ते म्हणाले. "तुम्ही सगळं बाहेरचं लिहिलंय. आपले रस्ते वेगळे." तरी माणूस भला. त्यांनी एक प्रत पेशंट बसतात त्या बाकावर ठेवली. पण कानात थेंब घालून मान वाकडी करून बसलेल्या माणसाला कसलं वाचायला होतंय.

अशी सगळीकडून निराशा झाली तेव्हा वस्तादांच्या डोक्यात प्रकाश पडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. रोज आपल्या खुर्चीत माणसं येऊन बसतात, हलत नाहीत, उठून जात नाहीत. याहून चांगलं गिऱ्हाईक कुठं मिळणार?

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं ते बँकेतले कॅशियर. वस्तादांनी फेस लावला, वस्तरा परजला, हनुवटी वर उचलली आणि वस्तरा गळ्याच्या घाटीवर टेकवून अत्यंत प्रेमानं म्हणाले, "साहेब, मी एक पुस्तक लिहिलंय."

"हं," कॅशियर म्हणाले.

"घेणार का एक प्रत?"

"हं."

त्यांच्यामागून आलेले गणिताचे सरही 'हं' म्हणाले. पाणीपट्टीवाले म्हणाले, शिंपी म्हणाला, आणि वाचता न येणाऱ्या दोघांनी तर इतरांपेक्षा लवकर 'हं' म्हटलं. खोका अर्धा झाला. वस्तादांचे पाय जमिनीला लागेनात. दुसरी आवृत्ती काढावी का, जाड पुठ्ठ्याची काढावी का, असं ते रात्री बायकोला विचारायचे. बायको झोपल्याचं सोंग घ्यायची.

आणि मग गल्लीत दाढ्या उगवल्या. एक दिवसाआड गुळगुळीत होऊन जाणारे लोक ऋषिमुनींसारखे दिसायला लागले. गणिताचे सर सलूनसमोरून जाताना छत्री उघडायचे, तीही ऊन-पाऊस नसताना. ज्यांना दाढी सोसवेना ते समोरच्या नव्या, एसीवाल्या सलूनमध्ये गेले. वस्ताद दारात उभे राहून म्हणायचे, हल्ली दाढीची फॅशन आलीय.

बायकोनं तीन दिवस टॉवेल खाली आणले आणि तीन दिवस तेच कोरे टॉवेल वर नेले. चौथ्या दिवशी ती चळत तिनं वस्तादांच्या मांडीवर ठेवली.

"अहो, मानेवर वस्तरा असला की माणूस राहतं घरसुद्धा लिहून देईल. याला विक्री म्हणत नाहीत. याला दरोडा म्हणतात."

वस्तादांनी तोंड उघडलं. असं काही त्यांच्या मनातही आलं नव्हतं. त्यांच्या लेखी वस्तरा ही हातात असायचीच वस्तू होती, जशी आपल्याला करंगळी. पण एकेक 'हं' त्यांना आता आठवायला लागला आणि चेहरा उतरत गेला.

"म्हणजे एकालाही नको होतं?"

"ते मला काय माहीत. आता असं करा. वस्तरा खाली ठेवायचा, हात मोकळे, आणि एक प्रत विकून दाखवा. एकच. माणूस आपल्या पायांनी आला पाहिजे आणि त्यानं आपल्या तोंडानं मागितली पाहिजे. महिनाअखेरपर्यंत झालं तर खोके वर माझ्या पलंगाखाली. नाही झालं तर रद्दीवाला मी बोलावते."

"आणि मी समोर जातो," मेहुण्यानं री ओढली. "तिथं एसी आहे. खुर्ची गोल फिरते."

रद्दीचं वस्तादांना वाईट वाटलंच. मेहुण्याचंही वाटलं, कारण मेहुणा कितीही कुरकुरला तरी हात त्याचा सोन्याचा होता. पण आत खोल कुठंतरी लागलं ते वेगळंच. बायकोनं ते पुस्तक अजून एकदाही उघडलं नव्हतं. पाचशे प्रतींच्या भोवतीनं ती रोज केर काढायची.

लागले बिचारे कामाला. वाचनालयात पुस्तकांचं प्रदर्शन होतं, तिथं त्यांना जिन्याखाली एक टेबल मिळालं. माणसं येत होती, थांबत होती, आणि वस्ताद त्यांच्या तोंडाकडे न बघता तोंडाच्या बाजूला बघत होते. सवय. एका बाईंनी ते बघून ओढणी डोक्यावरून घेतली. एक गृहस्थ पुस्तक हातात घेणार, तेवढ्यात वस्ताद कळवळून म्हणाले, "काय हो तुमचा हा डावा कान."

"काय झालं त्याला?" गृहस्थांनी पुस्तक सोडलं आणि कान धरला. वस्ताद कौतुक करणार होते, पण गृहस्थ थांबलेच नाहीत. संध्याकाळी कानाच्या डॉक्टरांचा निरोप आला, पेशंट पाठवल्याबद्दल आभार. बाकी दिवसभरात टेबलापाशी जे कुणी आलं त्यानं मुतारी कुठं आहे एवढंच विचारलं.

महिना संपत आला आणि एक दिवस कॅशियर सलूनमध्ये घुसले. दाढी छातीपर्यंत यायची तेवढी बाकी होती. हातात पुस्तक, पुस्तकात बोट.

"कान क्रमांक चाळीस. धन्याच्या आधी खोलीत शिरतो. हा माझा कान. चारचौघांत माझी अब्रू काढलीत तुम्ही. ही प्रत मी पुरावा म्हणून जपून ठेवणार आहे."

"साहेब," वस्ताद म्हणाले, "चाळीस तुमचा नाही. तुमचा बावीस."

कॅशियरनी पान काढलं. 'कान क्रमांक बावीस: सुबक. घडवणाऱ्यानं सवडीनं घडवलेला. ज्याचा आहे त्याला याची कल्पना नाही.' कॅशियरनी ते पुन्हा एकदा मोठ्यानं वाचलं. नेमके तेव्हाच गणिताचे सर छत्री उघडून समोरून चालले होते. त्यांच्या कानावर हा आकडा पडला आणि ते छत्रीसकट आत आले.

"बावीस माझा आहे," सर म्हणाले. "घरी सगळ्यांनी मान्य केलंय."

"घरचे मान्य करणारच," कॅशियर म्हणाले. "त्यांना तुमच्याबरोबर राहायचंय."

दोघांना शेजारी शेजारी बसवलं. मेहुण्यानं मागून हातातला आरसा धरला, समोरच्या भिंतीवर मोठा आरसा होताच. दोघांनी स्वतःचे कान कडेनं पाहिले, आणि दोघांचीही तोंडं अशी झाली, जणू कुणा तिऱ्हाइताचेच कान आपल्याला लावलेत. कारण खरं सांगायचं तर माणूस रोज आरशात तोंड बघतो, पण स्वतःचा कान जन्मात कधी नीट बघत नाही. आपला कान हा दुसऱ्यांनी बघायचा असतो.

बातमी कर्णोपकर्णी व्हायला किती वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी सलूनबाहेर रांग. वस्तादांना वाटलं, फळलं. पण फुकट ते पौष्टिक. लोक यायचे, काउंटरवरची प्रत उचलायचे, मेहुण्याला आरसा धरायला लावायचे, बावीस नंबर आपलाच असं जाहीर करायचे आणि प्रत जागेवर ठेवून निघून जायचे. दाढीसुद्धा करायचे नाहीत. संध्याकाळपर्यंत बावीसवर अकरा जणांनी हक्क सांगितला. चाळीस नंबरला वाली नव्हता. त्याचा खरा धनी, म्हणजे शिंपी, तीन वेळा येऊन सतरावर बोट ठेवून गेला. मेहुण्याचा हात खांद्यातून गेला आणि काउंटरवरच्या प्रतीची पानं सुटी झाली. विक्री शून्य.

महिनाअखेर उजाडली. बायकोनं शब्द दिला होता तसा रद्दीवाला वजनकाटा घेऊन हजर झाला आणि पहिल्या खोक्याला सुतळी घालायला लागला. बायको जिन्याच्या पायरीवर टॉवेल घेऊन उभी होती. तिला आनंद झाला होता असं नाही. पण तोंडातून गेलेला शब्द गिळायची तिला सवय नव्हती.

वस्ताद सरांची दाढी करत होते. सरांना खाज अनावर होऊन ते अखेर शरण आले होते, आणि त्यांचा एक गाल नुकताच मोकळा झाला होता. सुतळी कचकन ओढल्याचा आवाज झाला की वस्तादांचा हात थांबत होता.

"वस्ताद, घाई नाही," सर डोळे मिटून म्हणत होते. "अगदी सावकाश."

तेवढ्यात दारात एक वयस्कर बाई येऊन उभ्या राहिल्या. त्या सलूनमध्ये बाईमाणूस म्हणजे जिन्यावरून उतरणारी वस्तादांची बायको, दुसरं कुणी नाही. मेहुणा खुर्चीतून उठला.

"इथं ते कानांचं पुस्तक मिळतं का हो?" बाईंनी विचारलं.

वस्तादांनी वस्तरा खाली ठेवला. मग तेवढ्यानं भागेना म्हणून तो खणात टाकला, खण गुडघ्यानं बंद केला आणि दोन्ही हात खांद्यापर्यंत वर करून बायकोकडे पाहिलं.

"माझी दुसरी बाजू," सर म्हणाले.

"थांबा सर." वस्ताद दाराकडे वळले. "मिळतं, काकू. पण आधी एक सांगा. कुणी जबरदस्ती केली नाही ना तुमच्यावर?"

"मला कोण करणार जबरदस्ती? मी पोस्टमास्तरांची बायको."

आता ओळख पटली. पोस्टमास्तर दर रविवारी सकाळी पहिला नंबर लावायचे. मागच्या वर्षी गेले. काकू कॅशियरांच्या शेजारी राहायच्या. आपली बदनामी दाखवायला कॅशियर ते पुस्तक घरोघरी फिरवत होते, तेव्हा काकूंनी ते हातात घेतलं, चाळीस नंबर शोधता शोधता पानं उलटली आणि तेहेतिसावर थांबल्या.

"तेहेतीस आमच्या ह्यांचा," काकू म्हणाल्या.

एवढ्या दिवसांत, एवढ्या माणसांत, कुणी एक कान बरोबर ओळखला नव्हता. वस्तादांनी मान हलवली.

"उजवा काढलात ते बरं केलंत. मी नेहमी उजवीकडेच. जेवताना उजवीकडे, स्कूटरवर मागं बसले तरी मान काढून उजवीकडेच. दवाखान्यातही खुर्ची त्याच बाजूला टाकलेली होती. या कानाशी मी जन्मभर बोलले हो, आणि सगळं पालथ्या घड्यावर पाणी." काकू हसल्या. "खाली तुम्ही लिहिलंय ना, 'ऐकू सगळं येतं, पण आत घेईलच असं नाही.' ते वाचलं आणि एकटीच हसत बसले. हे गेल्यापासून पहिल्यांदा."

रद्दीवाल्याच्या हातात सुतळी तशीच होती.

"फोटो आहेत घरात," काकू म्हणाल्या. "पण फोटोत माणूस समोर बघतो. आणि समोरून मी त्यांना पाहिलं कितीसं? कॅशियरकडे ती प्रत मागितली, तर म्हणतात पुरावा आहे, देता येणार नाही. म्हणून विकत घ्यायला आले. दोन द्या. एक मुलीला पाठवते."

वस्तादांना रडू आलं. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं डोळे पुसले, आणि टॉवेलाला सरांचा फेस होता, त्यामुळे नाक पांढरं झालं. दोन प्रती त्यांनी काकूंच्या हातात दिल्या आणि पैशांना नको नको म्हणायला लागले, तेव्हा पायरीवरून आवाज आला.

"घ्या पैसे. विक्री आहे ती."

काकू गेल्या. बायको पायऱ्या उतरून खाली आली. रद्दीवाल्याला म्हणाली, "जा बाबा तू. वरती जुनी वर्तमानपत्रं आहेत, उद्या ये, ती देते." मग सुतळी घातलेल्या खोक्यातूनच एक प्रत ओढून काढली, मेहुण्याच्या खुर्चीत बसली आणि पहिल्या पानापासून बघायला लागली.

वस्ताद तिच्याकडे बघत उभे राहिले. नाकावर फेस, हात रिकामे. ती एकेक पान उलटत होती, मध्येच किंचित हसत होती, पण थांबत कुठंच नव्हती. वस्तादांना वाटलं, आपला शोधतेय.

"तुझा पंचेचाळिसावा आहे," ते हळूच म्हणाले.

"माझा मला काय करायचाय?" तिनं शेवटचं पान उलटलं आणि मान वर केली. "तुमचा कुठंय?"

"माझा? माझा मला दिसतो कुठं?"

"अख्ख्या गावाचे कान काढलेत. त्या शिंप्याचा काढलात. आणि स्वतःचा नाही?" ती चिडली होती, आणि चिडताना तिचा आवाज नेहमीसारखा लागत नव्हता. "काकूंना तेहेतीस नंबर आहे. मला उद्या कितवा?"

मेहुणा उगाचच कंगवे नीट लावायला लागला.

बायको उठली. वस्तादांच्या कानावरची पेन्सिल तिनं काढून घेतली. "बसा," तिनं खुर्ची दाखवली. वस्ताद बसले. तिनं त्यांची हनुवटी धरली, तोंड भिंतीकडे वळवलं, स्वतः खोक्यावर बसली आणि पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर चित्र काढायला लागली. शाळा सुटल्यापासून तिनं चित्र असं काढलं नव्हतं. जीभ दातांत धरून ती एकदा कानाकडे बघायची, एकदा कागदाकडे. बराच वेळ गेला.

मेहुण्यानं मागून डोकावून पाहिलं. "ताई, हा बटाटा झालाय."

वस्तादांनी डोळे तिरके करून पाहिलं. बटाटाच होता. कपाचा कान लावलेला बटाटा.

"अगं, असा नाहीये माझा कान."

"तुम्ही कधी पाहिलाय?" ती म्हणाली आणि त्याच्या वर ठसठशीत आकडा घातला, एकशे एक.

"वस्ताद," शेजारच्या खुर्चीतून सर म्हणाले, "माझा एक गाल अजून तसाच आहे."

"थोडं थांबावं लागेल सर," वस्ताद भिंतीकडे बघतच म्हणाले. "हलू नका म्हणून सांगितलंय. कानाची पाळी काढायची राहिलीय अजून."